इंधनबाष्पाची गळती व बीड जिल्ह्यातील मोटार वाहतूक

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीची टाकी, नळ्या, पंप किंवा कार्ब्युरेटर यांमधून पेट्रोलची वाफ एंजिनात न जाता वातावरणात निसटणे, यास इंधनबाष्पाची गळती म्हणतात. द्रवरूप पेट्रोल गळत असल्यास ते थेंबांवरून व डागांवरून ओळखता येते; बाष्पाची गळती मात्र बहुधा वासावरूनच कळते आणि पुष्कळदा कळतही नाही. तिच्यामुळे इंधन वाया जाते, आगीचा धोका उत्पन्न होतो आणि हवा दूषित होते. यांपैकी कोणत्या परिणामाला महत्त्व द्यावयाचे, हे काळानुसार व प्रदेशानुसार बदलत गेले आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात हा बदल विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर असून उन्हाळा कडक व कोरडा असतो. शिवाय जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला विसाव्या शतकात लोहमार्ग मिळालाच नाही. त्यामुळे येथील प्रवास प्रदीर्घ काळ मोटारीवर अवलंबून राहिला. अशा प्रदेशात पेट्रोलच्या वाफेने प्रथम लक्ष वेधून घेतले ते हवा दूषित केल्यामुळे नव्हे, तर भर रस्त्यात गाडी बंद पाडल्यामुळे.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सु. ३०° से. तापमानालाच उकळू लागतात, तर जड घटकांना उकळण्यास २००° से.च्या आसपास तापमान लागते. थंडीत एंजिन चटकन सुरू व्हावे यासाठी हलके घटक आवश्यक असतात. परंतु उन्हाळ्यात तेच घटक प्रथम उडून जातात. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाल्यास ती सु. दीडशे ते दोनशे लिटर जागा व्यापते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते व खोलगट जागी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सु. १·४ ते ७·६ या मर्यादेत असले, की एखाद्या ठिणगीनेही भडका उडतो. दुरुस्तीगृहातील खड्ड्यात उतरून काम करणाऱ्यांना विडी ओढण्यास मनाई असते ती यामुळेच.

आरंभीच्या मोटारगाड्यांत वाफ हा दोष नसून तेच एंजिन चालविण्याचे साधन होते. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ मध्ये एकस्व मिळालेल्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर वाफ ओढून घेतली जात असे. १८९३ मध्ये व्हिल्हेल्म मायबाख यांनी बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर तयार केला आणि पुढे सु. शंभर वर्षे हाच प्रकार प्रचारात राहिला. या रचनेत इंधन टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत द्रवरूपातच पोहोचणे आवश्यक असते. वाटेत त्याची वाफ होणे ही तेव्हापासून अडचण ठरली.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बस वाहतूक सुरू केली. सरकारी बस वाहतुकीच्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. निजामी राजवटीत लोहमार्ग जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळी वैजनाथपर्यंत आला, पण बीड, गेवराई, पाटोदा, आष्टी, केज, धारूर ही गावे त्यापासून दूरच राहिली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. एस. टी.च्या गाड्यांचे जाळे त्यानंतर खेड्यापाड्यांत पसरले. या गाड्या डीझेलवर चालतात व नेहमीच्या तापमानाला डीझेलची वाफ अत्यल्प होते. त्यामुळे बाष्पाचा प्रश्न उरला तो सरकारी अधिकाऱ्यांच्या पेट्रोल जीपगाड्या, डॉक्टर, वकील, व्यापारी व बागायतदार यांच्या खाजगी मोटारी, भाड्याच्या टॅक्सी आणि पुढे दुचाक्या यांच्यापुरता. बीड शहरात रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथून येणाऱ्या मार्गाने.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवर मोजक्याच प्रकारच्या मोटारगाड्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट गाड्या तयार होत. त्यांतील ११०० डी हा नमुना १९६० नंतरच्या दशकात आला आणि पुढे पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५० नंतरच्या दशकाअखेरीस आली व २०१४ पर्यंत तयार होत राहिली. महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी १९४७ पासून हाती घेतली. बाह्य रूपात कितीही भेद असले, तरी इंधनाची मांडणी या तिन्हींत बरीचशी सारखी होती : टाकी मागे किंवा आसनाखाली, तेथून धातूची नळी पुढे आलेली, एंजिनाच्या अंगावर बसविलेला व एंजिनानेच चालणारा पडद्याचा पंप, त्यापुढे रबरी नळी आणि कार्ब्युरेटर.

ही मांडणी यूरोपातील हवामानाला अनुरूप होती. बालाघाटावरील उन्हाळ्यात तिची मर्यादा उघड होई. मे महिन्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाणे नित्याचे असते. पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेत असल्यामुळे नळीतील दाब बाहेरील हवेपेक्षा कमी असतो. त्यात पठाराच्या उंचीमुळे हवेचा दाबही समुद्रकाठापेक्षा काहीसा कमी असतो. अशा नळीतील पेट्रोल एंजिनाच्या उष्णतेने उकळले, म्हणजे पंपात द्रवाऐवजी वाफ येते. पडदा वाफ दाबत राहतो, पण पेट्रोल पुढे सरकत नाही. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट भरल्या गाडीने खालच्या गतिचक्रात चढताना एंजिन तापते व गाडीचा वेग कमी असल्यामुळे वारा लागत नाही; तेथे हा बाष्परोध हमखास होई. अनुभवी चालक अशा वेळी एंजिनाचे झाकण उघडून पंपावर ओला फडका ठेवत. पाण्याचे बाष्पीभवन होऊन पंप थंड होई आणि पाऊण तासाने गाडी पुन्हा चालू लागे. पाणी जवळ नसले तर सावली पाहून थांबण्यावाचून इलाज नसे. लांबचा प्रवास पहाटे सुरू करण्याची रीत पडण्यास हेही एक कारण होते. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटची जाड चकती बसविणे, निष्कास नळीजवळून जाणारी पेट्रोलची नळी दूर वळवून घेणे, हे दुरुस्तीगृहातील अधिक टिकाऊ उपाय होत. पेट्रोलात रॉकेल मिसळण्याच्या सर्वज्ञात गैरप्रकाराने वाफ कमी होई ही गोष्ट खरी. पण त्याची किंमत एंजिनाला ठोका, धूर व काजळी या रूपाने मोजावी लागे.

बाष्परोधाची दखल भारतीय मानकांनीही घेतली आहे. पेट्रोलविषयीच्या भारतीय मानक २७९६ मध्ये बाष्पदाबाची कमाल मर्यादा ६० किलोपास्काल असून बाष्परोध निर्देशांक उन्हाळी महिन्यांकरिता ७५० व इतर महिन्यांकरिता ९५० यांहून अधिक नसावा, असे ठरविलेले आहे.

बाष्परोध सर्वांना ठाऊक होता. त्याच वाफेचे बाहेर निसटणे मात्र कोणी दोष मानीत नसे. त्याचे कारण उघड आहे. जुन्या गाडीची रचनाच वाफ बाहेर सोडणारी होती. टाकीच्या झाकणाला श्वासछिद्र असे व कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे छोटे पात्रही बाहेरील हवेला उघडे असे. दिवसा टाकी तापली म्हणजे आतील हवा व वाफ प्रसरण पावून बाहेर पडे. रात्री टाकी निवली म्हणजे ताजी हवा आत शिरे. दुसऱ्या दिवशी तीही पेट्रोलच्या वाफेने भरून बाहेर जाई. जेथे दुपार व पहाट यांच्या तापमानांत पंधराएक अंशांचा फरक पडतो, तेथे उभ्या गाडीचा हा श्वासोच्छ्वास बराच मोठा असतो. टाकी जितकी रिकामी तितकी त्यात वाफेला जागा अधिक. म्हणजे थोडेथोडे पेट्रोल घालून गाडी चालविण्याची काटकसर या बाबतीत उलटीच ठरते. याशिवाय गाडी चालवून थांबविल्यावर तापलेल्या एंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरला लागून त्याच्या पात्रातील पेट्रोल उडून जाते. उन्हाळ्यात थोडा वेळ उभी केलेली गाडी सुरू करण्यास वारंवार कळ दाबावी लागते, त्याचे हे एक कारण होय.

वाफेकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती बीडपासून फार दूर. अमेरिकेतील लॉस अँजेल्स शहरावर १९४० नंतर डोळे झोंबणारे धुरके पसरू लागले. मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास असे दाखवून दिले, की हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर क्षोभक द्रव्ये तयार होतात. मग ही हायड्रोकार्बने गाडीतून कोठून येतात, याचा शोध सुरू झाला. ढोबळमानाने तीन पंचमांश धुराड्यातून, एक पंचमांश एंजिनाच्या तळपेटीतून आणि उरलेली एक पंचमांश टाकी व कार्ब्युरेटर यांतून केवळ बाष्पीभवनाने येतात, असे आढळले. म्हणजे उभी गाडीही हवा दूषित करीत होती. तळपेटीतील वायू पुन्हा एंजिनात नेण्याची सोय कॅलिफोर्नियात १९६१ पासून आली. बाष्पीभवनावरील नियंत्रण तेथे १९७० च्या नमुन्यांपासून व सर्व अमेरिकेत १९७१ पासून सक्तीचे झाले.

या नियंत्रणाचे तत्त्व साधे आहे. टाकीचे झाकण घट्ट बंद करतात. वाफ एका नळीने सक्रियित कार्बन भरलेल्या डब्यात नेतात. सच्छिद्र कार्बन ती आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. एंजिन चालू झाल्यावर एक झडप उघडते, डब्यातून ताजी हवा ओढली जाते व अडकलेली वाफ एंजिनात जाऊन जळते. १९७८ पासून संपूर्ण गाडी बंदिस्त कक्षात ठेवून तिच्यातून निसटणारी वाफ मोजण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. या बदलाने गळती या शब्दाचा अर्थच पालटला. पूर्वीच्या गाडीत वाफ बाहेर जाणे ही रचना होती; नव्या गाडीत तो बिघाड ठरला. १९९६ पासून अमेरिकी गाड्यांना एक मिलिमीटर व पुढे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती स्वतः ओळखण्याची सोय करावी लागली.

भारतात ही वाट सावकाश आली. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही चाचणी संस्था १९६६ पासून आहे. हवा प्रदूषणाविषयीचा अधिनियम १९८१ मध्ये, मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये व त्याखालील केंद्रीय नियम १९८९ मध्ये झाले. १९९० पासून मोकळ्या फिरणाऱ्या एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडवर मर्यादा आली. २००४ मध्ये तीत हायड्रोकार्बनांची भर पडली. १९९० नंतरच्या दशकातील मानकांनी नव्या गाड्यांच्या बाष्पीभवनावरही बंधन घातले. शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत व २००० मध्ये देशभर आले. त्याच सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून इंधन अंतःक्षेपण आले आणि त्याबरोबर घाटात थांबणाऱ्या गाड्याही कमी झाल्या; कारण नव्या रचनेत पंप टाकीतच बसवितात व तो पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने पुढे ढकलतो. भारत स्टेज सहा ही मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली.

तथापि यात एक फट राहिली आहे. गाडी रस्त्यावर आल्यावर तिची जी नियतकालिक तपासणी होते, ती धुराड्यातील वायूंची. पी. यू. सी. प्रमाणपत्र देणारे यंत्र टाकीच्या झाकणाशी किंवा तडकलेल्या नळीशी कधीच लावले जात नाही. एम. एच. २३ या बीडच्या क्रमांकाची एखादी वीस वर्षांची गाडी हे प्रमाणपत्र बाळगून असेल आणि रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये वाफ सोडीत उभी असेल, यात नियमाच्या दृष्टीने काही विसंगत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असून नंतर पाच-पाच वर्षांनी तपासणीनंतर ती वाढवून मिळते. तेव्हाही बाष्पाचे मापन होत नाही. परिणामतः जुन्या गाडीतील बाष्पगळतीचा शोध ही जबाबदारी मालकावर व मेस्त्रीवरच येऊन पडते.

निदान : वास केव्हा येतो यावरून गळतीची जागा बरीचशी निश्चित करता येते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीजवळ सकाळी वास आल्यास टाकी, झाकण किंवा टाकीत पेट्रोल ओतण्याच्या नळ्याची रबरी जोडणी तपासावी लागते. गाडी थांबविल्यावर काही मिनिटांनी वास येऊ लागल्यास संशय कार्ब्युरेटरवर जातो : त्याच्या पात्राचे पॅकिंग सुकलेले असते, किंवा पेट्रोलची पातळी राखणारी सुई झिजून पात्र तुडुंब भरलेले असते. चालत्या गाडीत वास येत असल्यास पंपाचा पडदा व पुढील नळ्या पाहतात. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर दोष तिच्या वरच्या अंगाला असतो. पडदा फाटल्यास पेट्रोल एंजिनाच्या तेलात उतरते. तेल मोजण्याच्या पट्टीला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण होय. नव्या धर्तीच्या गाडीत कार्बनाचा डबा पेट्रोलने भिजला असल्यास तो निकामी समजतात. टाकी वारंवार गळ्यापर्यंत भरण्याच्या सवयीने असे होते.

नाकाची मर्यादा अशी, की वासाची लवकरच सवय होते. दिवसभर पेट्रोलमध्ये हात असलेल्या मेस्त्रीला सूक्ष्म गळती जाणवत नाही. म्हणून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. याकरिता टाकीला किंचित दाब द्यावा लागतो. तेथे दाबयंत्राची नळी सरळ लावणे धोक्याचे असते. टाकीचे पातळ पत्रे शिवणीत उकलतात. मोठ्या शहरांतील दुरुस्तीगृहांत खनिज तेलाचा दाट धूर अत्यल्प दाबाने, शक्यतो नायट्रोजनाबरोबर, आत सोडतात. ज्या भेगेतून धूर डोकावतो तेथे दोष असतो.

दुरुस्ती : बहुतेक गळती रबराची असते. उष्णतेने रबर कडक होऊन टोकाशी तडकते. तडकलेले टोक कापून उरलेली नळी पुन्हा ओढून बसविणे व क्लिपऐवजी तार पिळणे, ही गावोगाव आढळणारी तडजोड काही दिवसच टिकते; सर्व नळ्या एकदम बदलणे शेवटी स्वस्त पडते. हरवलेल्या झाकणाच्या जागी चिंधी किंवा प्लॅस्टिकची पिशवी कोंबणे हा तर आगीला आमंत्रण देणारा प्रकार होय. याच्या उलट चूकही होते. जुन्या गाडीचे श्वासछिद्र गळती समजून बुजविल्यास टाकीत निर्वात निर्माण होतो, पेट्रोल पुढे जाईनासे होते आणि काही मैलांवर गाडी बंद पडते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर निदान पक्के झाले. टाकीतील बारीक छिद्रावर कपडे धुण्याचा साबण घासणे हा चालकांचा जुना उपाय आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसल्याने घरी पोहोचेपर्यंत तो काम देतो.

कायमच्या दुरुस्तीसाठी टाकीला डाग द्यावा लागतो, आणि या व्यवसायातील सर्वांत घातक काम हेच होय. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची असते. कारण भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती पेटण्यास पुरेशी हवा मिळत नाही, तर रिकाम्या टाकीच्या सांध्यांत व गंजात राहिलेले चमचाभर पेट्रोल आतील हवेचा स्फोटक करण्यास पुरेसे असते. वास येत नाही म्हणून टाकी निर्धोक समजणाऱ्यांचा येथेच घात होतो. टाकी गाडीतून उतरवून सोड्याच्या गरम पाण्याने वारंवार धुणे, तिच्यात बराच वेळ वाफारा सोडणे आणि छिद्राच्या किंचित खालपर्यंत पाणी भरून, झाकण उघडे ठेवून मगच काम करणे, ही त्यासाठीची पद्धत आहे. थंड अवस्थेत लावण्याचे एपॉक्सी लेप उपलब्ध झाल्यापासून लहान छिद्रांकरिता ज्योत वापरण्याची गरज पुष्कळशी उरलेली नाही.

एकविसाव्या शतकात या जुन्या प्रश्नाला नवे वळण लागले. पेट्रोलमध्ये एथिल अल्कोहॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते शेकडा २० पर्यंत पोहोचले. हे अल्कोहॉल मोठ्या प्रमाणात उसापासून मिळते. आणि ऊसतोडीसाठी दर हिवाळ्यात पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जाणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून बीड ओळखला जातो. स्वतः अल्कोहॉल पेट्रोलपेक्षा कमी उडते, परंतु थोड्या प्रमाणात मिसळले असता मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते. शेकडा १० मिश्रणात ही वाढ सु. ७ किलोपास्काल असते. मूळ पेट्रोलचे घटक बदलून ती सावरता येते. जुन्या गाडीच्या दृष्टीने अधिक गंभीर परिणाम रबरावर होतो. पद्मिनी, अँबॅसडर किंवा आरंभीच्या मारुती ८०० या गाड्यांच्या नळ्या, पंपाचे पडदे व पॅकिंग केवळ पेट्रोल गृहीत धरून केलेली होती. अल्कोहॉलमुळे ती फुगतात, मऊ पडतात व सुकल्यावर तडकतात; काही रबरांच्या भिंतींतून वाफ छिद्राशिवायही झिरपते. शिवाय अल्कोहॉल पाणी शोषून घेत असल्यामुळे फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी तळाशी गंजते. म्हणून अशा गाड्यांत फ्लुओरिनयुक्त रबराच्या नळ्या व नव्या मिश्रणास टिकणारा पडदा बसवून घेतात. अशा नळीची किंमत साध्या नळीच्या काही पट असते व लहान गावांतील दुकानांतून ती सहज मिळत नाही. साधी नळी मात्र फुटावर मोजून कोठेही मिळते.